तेरावा आठवडा

शिकागोत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण काळ आठवड्यांत मोजते. ऑफिसात तिमाही असते, पगाराचा पंधरवडा असतो, हिवाळा तर संपतच नाही. पण तिचं पंचांग या सगळ्यांहून वेगळं आहे. सोमवारी सकाळी कॉफी ओतताना "पाचवा लागला" असं ती पुटपुटते आणि जवळपास दुसरी एखादी कृष्णवर्णीय बाई असेल तर ती समजून मान हलवते. एकदा हिशेब विभागात नव्याने आलेल्या एका गोऱ्या मुलाने तिच्या तोंडून "अकरावा आठवडा" ऐकलं आणि मोठ्या भाबडेपणाने तिचं अभिनंदन केलं. वर तारीख कधीची दिलीय, असंही विचारलं. मैत्रीण पन्नाशीची. ती शांतपणे म्हणाली, "तारीख ठरवलेली नाही. जमेल तितकं लांबवायचं आहे."

तिचे आठवडे मोजले जातात ते केसांना शेवटचं रिलॅक्सर लावलं त्या दिवसापासून. रिलॅक्सर म्हणजे घट्ट कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम. दिसायला अगदी निरुपद्रवी, पांढरं, लोण्यासारखं मऊ. त्यातला मुख्य घटक म्हणजे अनेकदा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. साबण करायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला आपण वापरतो तोच. केस प्रथिनांचा असतो आणि त्या प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केसाला पीळ असतो तो टिकवण्याचं काम या जोड्यांचं. कॉस्टिक सोडा त्या जोडीतला गंधकाचा एक अणू काढून टाकतो. गेलेला अणू परत येत नाही. केस सरळ होतो तो कापला जाईपर्यंत सरळच राहतो. पावसाने, घामाने, आंघोळीने, कशानेही त्याचं मन बदलत नाही.

अडचण एवढीच की या सगळ्या व्यवहाराचा टाळूला पत्ता नसतो. ती आपली महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर या वेगाने पूर्वीसारखेच कुरळे केस काढत राहते. म्हणून डब्यावर लिहिलेलं असतं: सहा ते आठ आठवड्यांनी मुळांना पुन्हा लावा. याला टचअप म्हणतात. आणि डब्यावरचं न ऐकता तो टचअप दहा, बारा, सोळा आठवड्यांवर नेण्याला तिथल्या बायका स्ट्रेचिंग म्हणतात. मला यातलं काहीही करावं लागत नाही. पण गेली काही वर्षं मी शेजारच्या टेबलावरून हा प्रकार इतक्या जवळून पाहते आहे की त्याच्यावर कुणीतरी मराठीत लिहायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे. लांबणीवर टाकणं ही इतकी मेहनतीची, इतकी शिस्तीची गोष्ट असू शकते हे मला आधी ठाऊक नव्हतं. आपल्याकडे लांबणीवर टाकायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असतं.

या क्रीमच्या वंशावळीत पहिलं नाव घेतात ते गॅरेट मॉर्गनचं. जन्म 1877, केंटकीचा. पुढे क्लीव्हलंडमध्ये शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान. गोष्ट अशी सांगतात की यंत्राची सुई भरभर चालली की तापायची आणि लोकरी कापड करपायचं. त्यावर उपाय म्हणून सुईला लावायचं एक द्रावण तो करत होता. जेवायला जाताना त्याने हात तिथल्याच एका लोकरी फडक्याला पुसले. परत येऊन बघतो तो फडक्याचे उभे राहिलेले तंतू सपाट झोपलेले. आता सामान्य माणूस काय करेल? फडकं टाकून देईल. मॉर्गनने शेजाऱ्याचा कुत्रा पकडला. एअरडेल जातीचा, म्हणजे अंगभर कुरळी लव असलेला. त्याच्या अंगाला द्रावण लावलं. कुत्रा असा सरळ झाला की मालकानेच त्याला ओळखलं नाही आणि घरातून हाकलून दिलं, असं म्हणतात. मग मॉर्गनने ते स्वतःच्या डोक्याला लावलं आणि नंतर त्याची कंपनी काढली. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात त्या कुत्र्याचं नाव कुणी नोंदवून ठेवलेलं नाही, ही मला मोठी उणीव वाटते. रिलॅक्सर लावून घेतल्यावर घरच्यांच्या कपाळावर आठ्या पाहणारा तो पहिला जीव.

याच मॉर्गनने पुढे 1923 मध्ये वाहतुकीच्या एका सिग्नलचं पेटंट घेतलं. तोवरचे बरेचसे सिग्नल दोनच गोष्टी सांगत: थांबा आणि जा. एकाचं "जा" संपताच दुसऱ्याचं "जा" सुरू, आणि चौकाच्या मधोमध दोघांची गाठ. मॉर्गनच्या खांबाला तिसरी अवस्था होती. दिशा बदलण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं. एकाच माणसाने केस सरळ करायचं औषध शोधावं आणि मधल्या थांब्याचं यंत्रही शोधावं, याला योगायोग म्हणायचं धाडस मला होत नाही. माझी मैत्रीण आठव्या आठवड्यापासून त्या तिसऱ्या अवस्थेत उभी असते. सरळ केस जाऊ देत नाहीत, कुरळे येऊ देत नाहीत, आणि चौकात दोघांनी शांत उभं राहावं म्हणून ही बाई हातात शिटी घेऊन रात्रंदिवस पहाऱ्यावर.

पहारा तरी कशाचा? तर एका रेषेचा. जिथे नवा कुरळा केस संपतो आणि जुना सरळ सुरू होतो, ती जागा सगळ्यात कच्ची. एकाच केसाचे दोन स्वभाव तिथे भेटतात आणि कंगवा अडकतो तोही नेमका तिथेच. जोर लावला की केस बरोबर त्या रेषेवर तुटतो. तुटेपर्यंत ताणू नये ही म्हण आपण माणसांच्या भांडणात वापरतो. तिकडे ती रविवारी न्हाणीघरात लागते.

रविवार हा न्हाण्याचा वार, आणि तो सबंध लागतो. आधी केसांचे चार-सहा भाग करून ते चिमट्यांनी बांधायचे. मग कंडिशनर असं थापायचं की बोट घसरलं पाहिजे. गुंता पहिल्यांदा बोटांनी सोडवायचा, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, तोही खालच्या टोकाकडून वर. वरून खाली कंगवा ओढणाऱ्या बाईला त्या मंडळात स्थान नाही. (माझी आई हे वाचत असेल तर तिने इथे एक क्षण थांबावं.) मग प्लॅस्टिकची टोपी घालून, वर ऊब देऊन तास-अर्धा तास बसायचं. अधूनमधून प्रथिनांचा लेप. पण तो जपून, कारण प्रथिनं जास्त झाली की केस ताठर होऊन मोडतो आणि ओलावा जास्त झाला की लिबलिबीत होऊन तुटतो. या दोहोंच्या मधलं माप नेमकं किती, यावर माझी मैत्रीण आणि तिची बहीण यांच्यात फोनवर जी चर्चा चालते ती ऐकल्यावर आमच्या कंपनीच्या ताळेबंदाच्या बैठका मला पोरकट वाटू लागल्या.

रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनची उशी, कारण सुती अभ्रा केसातला ओलावा पिऊन टाकतो आणि घासतो. शिकागोच्या जानेवारीत लोकरीच्या टोपीवाचून बाहेर पडणं म्हणजे आत्महत्या, आणि लोकर म्हणजे केसांचा खून. म्हणून तिने आपल्या सगळ्या टोप्यांना आतून सॅटिनचं अस्तर शिवून घेतलं आहे. बाहेरून करडी, जाडीभरडी टोपी आणि आत लग्नातल्या शालूसारखं जांभळं अस्तर. बसमध्ये टोपी काढताना ते क्षणभर दिसतं.

आता या सगळ्यातला मला सर्वात आवडणारा भाग. दहाव्या आठवड्यानंतर दोन्ही प्रकारचे केस लपवणं कठीण होतं. वर दोन बोटं दाट, कुरळं रान आणि खाली गुळगुळीत सरळ धारा. मग बायका काय करतात? मुळं सरळ करता येत नाहीत, टाळायचंच तर तेच आहे. म्हणून त्या खालच्या सरळ केसांना कुरळं करतात. ओल्या केसांचे पीळ घालून, छोट्या छोट्या वेण्या घालून, फोमच्या कांड्यांवर गुंडाळून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी सोडायचे. वरचे मूळचे कुरळे, खालचे बनवलेले कुरळे, जोड दिसत नाही. म्हणजे पैसे मोजून, टाळू भाजून घेऊन सरळ केलेले केस दर रात्री मेहनतीने वाकडे करायचे, जेणेकरून ते सरळ केलेले आहेत हे कुणाला कळू नये. मी एकदा यातली विसंगती तिला दाखवायला गेले. तिने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं आणि विचारलं, "तू पोळीला तेल लावून मग टिश्यूने टिपतेस ना?"

हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला तिच्या टाळूने समजावलं. टचअपच्या आधी दोन-तीन दिवस डोकं खाजवायचं नाही, धुवायचं नाही, कारण खाजवलेल्या जागी क्रीम लागलं की भाजतं. टाळूला, कानांना, कपाळाच्या कडेला व्हॅसलीनचा लेप. मग घड्याळ लावून क्रीम, आणि मग सहन करायचं. दोन मिनिटं जास्त सहन केलं तर केस जास्त सरळ होतील, या आशेने लहानपणी ती ओठ दाबून बसायची आणि आठवडाभर खपल्या काढायची. क्रीम फक्त नव्या केसांना लागायला हवं, पण ते थोडंफार जुन्यावरही ओघळतंच. आणि एकदा सरळ झालेल्या केसाला पुन्हा कॉस्टिक मिळालं की तो विरतो. जितकी नवी वाढ लांब, तितकं जुन्याला न शिवता लावणं सोपं. म्हणजे थांबण्यात नुसता पैसा वाचत नाही, पुढचा टचअपही नीट होतो. शिवाय सलूनमधला सबंध शनिवार वाचतो. त्या शनिवारी तिथे ज्या गप्पा झाल्या असत्या त्या मात्र बुडतात, आणि ते नुकसान तिच्या हिशेबात धरलेलं असतं.

हे सगळं आजचं. मागे गेलं तर माणसांनी याहून धाडसी गोष्टी केल्या आहेत. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या 1965 च्या आत्मचरित्रात तरुणपणी पहिल्यांदा केस सरळ केल्याचं वर्णन आहे. दुकानातून आणलेला कॉस्टिक, बटाटे आणि अंडी. बटाट्याच्या कापांवर कॉस्टिक घालून ढवळायचं, अंडी फोडायची आणि ते डोक्यावर. आग असह्य झाली की पाण्याकडे धाव. पुढे याच माणसाने त्या प्रकाराला स्वतःच्या अपमानाची पहिली मोठी पायरी म्हटलं. त्यांच्याही आधीच्या काळात मॅडम सी. जे. वॉकर होत्या, 1867 साली लुईझियानात जन्मलेल्या. त्यांनी केसांच्या मलमांवर मोठा उद्योग उभा केला आणि लोक त्यांना केस सरळ करणारी बाई म्हणू लागले तेव्हा त्या ते नाकारत राहिल्या. मी केस वाढवते, सरळ करत नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या काळी सरळ करायचे ते तापवलेल्या लोखंडी कंगव्याने. तो सरळपणा पहिल्या सरीत वाहून जायचा. कॉस्टिकची किंमत बायकांना मान्य झाली ती या पावसामुळे.

आणि मग आमच्या शिकागोचे जॉर्ज जॉन्सन. 1954 मध्ये त्यांनी पुरुषांसाठी केस सरळ करायचं क्रीम काढलं. भांडवल अडीचशे डॉलरचं कर्ज. धंद्यासाठी म्हणून मागितलं तेव्हा बँकेने नाही म्हटलं. बायकोला घेऊन कॅलिफोर्नियाला सुट्टीवर जायचं आहे असं दुसऱ्या शाखेत सांगितलं तेव्हा मिळालं, अशी आठवण सांगितली जाते. पुढे बायकांसाठीचं रिलॅक्सर आलं आणि 1971 मध्ये ही कंपनी अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेली, कृष्णवर्णीय मालकीची तिथली पहिली. मधल्या काळात नागरी हक्कांची चळवळ आली, केस नैसर्गिक ठेवून डोक्याभोवती गोल वाढवण्याची आफ्रो पद्धत आली, रिलॅक्सर म्हणजे शरणागती असं तरुण म्हणू लागले. तर याच कंपनीने आफ्रोला चमक आणणारं तेलही बाजारात आणलं. मला हे फार आवडतं. क्रांती इकडे वळो नाही तर तिकडे, शेवटी डोक्याला काहीतरी चोपडावं लागतंच, हे त्या गृहस्थांनी बरोबर ओळखलं होतं.

माझे स्वतःचे केसही कुरळे आहेत. तिच्याइतके नव्हेत, पण कोल्हापुरात घराघरात चर्चा व्हायला पुरेसे. आई खोबरेल तेल थापून अशी करकचून वेणी घालायची की माझ्या भुवया शाळा सुटेपर्यंत वर राहत. मोकळे केस म्हणजे झिंज्या, आणि झिंज्या म्हणजे वळण नसलेली मुलगी. पुढे हल्लीच्या मराठी मुलींसारखं मीही पार्लरमध्ये बसून स्मूथनिंग करून घेतलं. त्याचं रसायन निराळं. ते गंधकाची जोडी तोडतं, इस्त्रीने केस सपाट करतं आणि दुसऱ्या द्रावणाने जोड्या नव्या जागी पुन्हा जुळवतं. हे आणि कॉस्टिकवालं एकाच डोक्यावर चालत नाहीत. एकावर दुसरं लावलं तर केस हातात येतात. पण मुळांचा न्याय तोच. गणपतीआधी स्मूथनिंग करून घेतलेली मुलगी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत ओळखू येते. भांगाजवळ दोन बोटं सत्य दिसायला लागलेलं असतं.

आणि केसांना रंग लावणाऱ्या आमच्या आत्याबाई! त्यांना स्ट्रेचिंग हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्या या विद्येत आचार्य आहेत. डाय महिन्याने लावायचा असतो, त्या तो दीड-दोन महिन्यांवर नेतात. पहिला पांढरा धागा दिसला की मधला भांग एका बाजूला सरकतो. मग दुसऱ्या बाजूला. मग भांगच मोडतो आणि केस सगळे मागे ओढले जातात. कपाळावरच्या बटांवर काजळाचं बोट फिरतं. शेवटच्या आठवड्यात डोक्यावरून पदर येतो आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं, आत्या हल्ली धार्मिक झाल्या. आत्याबाई आणि माझी मैत्रीण, या दोघींची एकदा गाठ घालून द्यावी असं माझ्या मनात फार आहे. भाषा अडणार नाही.

तशा त्या एका परीने भेटलेल्या असू शकतात. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात सगळे उपाय थकले की बायका दुसऱ्याचे केस लावतात. आपले केस बारीक वेण्यांत घालून झाकायचे आणि वर विकतचे शिवून घ्यायचे. हे केस कुठून येतात याचा शोध घेत विनोदी नट क्रिस रॉक 2009 च्या त्याच्या 'गुड हेअर' या माहितीपटासाठी भारतात पोचला होता. देवळातल्या मुंडनाचे केस. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक डोकं भादरून घेतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि ते जगभर जातात. कोल्हापूरहून तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेस जाते. आत्याबाई एकदा मुलाच्या नोकरीचा नवस फेडायला त्या गाडीने जाऊन केस देऊन आल्या. तेव्हा त्यांनी डाय सुरू केलेला नव्हता; केस लांब, काळे, सरळ. अहंकार सोडण्यासाठी देवाला दिलेली गोष्ट समुद्रापलीकडे एखाद्या मुलाखतीला, लग्नाला मिरवत असेल. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आत्याला माझे आभार कळव. आणि मुलाला नोकरी लागली का?" लागली. बंगळूरला.

2022 च्या ऑक्टोबरात मात्र तिच्या हिशेबात एक गंभीर आकडा शिरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 33,497 स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेऊन एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. पण दुपटीहून मोठी तफावत वाचल्यावर कारणाची वाट कोण बघतं? मैत्रिणीने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कागदावर बावन्न भागिले बारा केलं. उत्तर चार पूर्णांक काहीतरी आलं. ती काही वेळ त्या "काहीतरी"कडे पाहत राहिली. मग तिने बावन्न भागिले तेरा केलं.

तेव्हापासून तिचा टचअप तेराव्या आठवड्याआधी होत नाही. तेरा आठवड्यांत धोका नाही आणि बारांत आहे असं कुठल्याही शास्त्रज्ञाने म्हटलेलं नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. मी ते बोलूनही दाखवलं. "मग सोडून का देत नाहीस?" असंही विचारलं. प्रश्न विचारायला सोपा होता. मी काही केसांमुळे नोकरी गमावलेली नाही. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा केला की केसांच्या नैसर्गिक पोतावरून किंवा वेण्यांवरून कुणाला नोकरीत वा शाळेत वेगळी वागणूक देता येणार नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तसा कायदा 2023 पासून लागू झाला. म्हणजे मैत्रिणीची निम्म्याहून अधिक नोकरी त्याआधीची. व्हाइट हाउसमध्ये असताना आपण केस सरळ ठेवले कारण वेण्यांसाठी देश तयार आहे असं वाटलं नाही, असं मिशेल ओबामांनी 2022 मध्ये सांगितलं. त्यांना जे परवडलं नाही ते हिशेब विभागाला परवडेल, असा शब्द मी कुणाच्या वतीने देणार?

अनेकींनी सोडलं आहे. काही जणी इतकं ताणतात, इतकं ताणतात की एके दिवशी लक्षात येतं, आता टचअप राहिलाच नाही, नवे केसच जुन्यांपेक्षा लांब झाले. मग कात्री घेऊन सरळ टोकं कापून टाकायची आणि फोटो काढायचा. तिची भाची तशीच सुटली. ती मावशीलाही सुटकेचा आग्रह करत असते. पुस्तकं आणून देते, तेलं आणून देते, ऐतिहासिक संदर्भ आणून देते. गेल्या ऑगस्टात असाच एक आग्रह चालू होता. तेरावा आठवडा चाललेला, शहरालगतच्या सरोवरावरून दमट हवा येत होती आणि वर पाऊस. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा हा ओल्या हवेतला तेरावा आठवडा. मुळांजवळचे केस दर मिनिटाला फुगत होते. भाची म्हणत होती, ही लढाई आहे, मावशी, तू चळवळीच्या उंबरठ्यावर आहेस. मैत्रीण स्कार्फ बांधता बांधता म्हणाली, "बाळ, मी चळवळीत नाही. मी तेराव्या आठवड्यात आहे."

मला विचाराल तर दोघींचं बरोबर आहे. पण डब्यावरची सूचना, भाचीची पुस्तकं आणि सरकारी आकडे, या तिघांनाही दर आठवड्याला थोडं थोडं ऐकून जी बाई कुणाचीच पुरती होत नाही, तिच्याकडे माझा ओढा जास्त आहे. तिच्याइतकी केसागणिक मेहनत मी माझ्या कुठल्याच निर्णयावर घेतलेली नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात मुलांकडे शिकागोला, अटलांटाला, न्यू जर्सीला येतात. बसमध्ये, दुकानात, रांगेत तुमच्यापुढे एखादी बाई उभी असेल आणि तिचे केस पाहून तुमचा हात आपोआप पुढे जाईल. आपल्याकडे गाडीत अनोळखी बाईची वेणी हातात घेऊन "तेल कुठलं लावता हो?" असं विचारणं हे कौतुक मानतात. तिथे असं करू नका. "हात लावू का?" असंही विचारू नका; हा प्रश्न तिला आयुष्यभर पुरेसा विचारून झालेला आहे. आवडले तर "छान दिसतात" म्हणा आणि दोन्ही हात पर्सवर ठेवा. ती कितव्या आठवड्यात आहे हे तुम्हाला माहीत नसतं.